निर्मळ हौशी यूअन गिलफिलन

फुटबॉल ही निर्मळ गोष्ट आहे. म्हणूनच आज, १८८४ साली, आमच्या स्कॉटलंडात खेळण्याचे पैसे घेणाऱ्यास मैदानबंदी आहे. खेळ दाखवण्याचे पैसे घेणाऱ्यास नाही. नाहीतर आमच्या क्लबाच्या समितीची जेवणावळ व्हायची कशी?

आमच्या किलमार्डनचा यूअन गिलफिलन इंग्लंडात, लँकेशरच्या एका क्लबाकडे गेला होता. कागदोपत्री तो तिथल्या सूतगिरणीच्या घड्याळाला किल्ली देई आणि त्याचाच पगार घेई. बायकोला, मोरॅगला, तिथला धूर सोसेना, म्हणून तो परतला आणि गावाकडून खेळू द्या म्हणाला. समितीने रीतसर चौकशी लावली. समितीत मीही आहे.

"किल्ली किती दिवसांनी देत होतास?" अध्यक्ष ॲबरकेर्नसाहेबांनी विचारलं.

"कुठलं घड्याळ?" यूअन म्हणाला. शहाणा कुठला! खरं बोलून मोकळा झाला.

सगळ्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिलं. शनिवारी चषकाचा अंतिम सामना, आणि आमच्या पुढच्या फळीला चेंडू दिसला की कापरं भरतं.

"ऐकलंत?" अध्यक्ष गंभीरपणे म्हणाले. "घड्याळच माहीत नाही, तर त्याचे पैसे कसले घेतोय? फुटबॉलचे दिले नाहीत, असं गिरणीच सांगते. म्हणजे बिचाऱ्यानं कशाचेच घेतले नाहीत!"

ठराव एकमताने मंजूर झाला.

शनिवारी मैदानालगतची टेकडीसुद्धा माणसांनी भरली. यूअनने दोन गोल ठोकले आणि तिसऱ्याच्या वेळी पाय मोडून घेतला. चषक आमचा झाला.

मोरॅग धावत आली. "अहो, डॉक्टर म्हणतात, हा पाय गेला. आता गोदीत ओझी उचलायच्या कामावर याला कोण उभं करणार? आम्ही खायचं काय?"

मी काही दगड नाही. लोकांत पैशांसाठी फिरवायला मी टोपी काढली. अध्यक्षांनी माझं मनगट धरलं.

"अहो, काय करताय! एक नाणं पडलं तरी पोरगा बाटला! धंदेवाईक ठरेल, चषक परत द्यावा लागेल!"

मी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली.

"म्हणजे यानं पाय हौसेनं मोडून घेतला?" मोरॅग कडाडली.

"निव्वळ हौसेनं, बाई." अध्यक्षांनी आदराने स्वतःची टोपी काढली.

सगळ्या मैदानाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. टाळ्यांना नियमाची हरकत नाही. मग आम्ही जेवायला गेलो. मटण उत्तम होतं.

तुम्हाला हळहळ वाटतेय ना? वाटायलाच हवी. येत्या शनिवारी यूअनच्या जागी नवा पोरगा उतरतोय, त्याच्याहून चपळ. दारावर तिकीट घ्या आणि आत या. हळहळण्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.