ड्रायव्हरच्या गालांचा पंचनामा

"फुंक," डेपोचे साहेब म्हणाले.

ड्रायव्हर सिग्नलने दारू तपासायच्या मशीनच्या नळीत फुंकलं. आकडा आला शून्य. साहेबांनी मशीन हलवलं, कानाशी नेलं, शर्टाला पुसलं आणि मग सिग्नलच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"पुन्हा फुंक."

या खेपेला सिग्नलने जीव तोडून फुंकलं. आकडा शून्यच आला, पण फुंकून फुंकून आधीच लाल असलेलं नाक आणखी लाल झालं. मग साहेबांना तिसऱ्यांदा फुंकायला लावणं भागच पडलं. बसची किल्ली हातात पडण्याआधी प्रत्येक ड्रायव्हरने एकदा फुंकायचं, हा डेपोचा नियम. सिग्नलच्या वाट्याला रोज तीन फुंका आणि वर साहेबांचा एक सुस्कारा.

खरं सांगायचं तर हा माणूस चौदा वर्षं बस चालवत होता आणि दारूचा थेंब त्याने कधी जिभेवर ठेवला नव्हता. खोकल्याचं औषधसुद्धा बाटलीवरची बारीक अक्षरं बायकोकडून वाचून घेऊन मगच प्यायचा. पण चार वर्षांपूर्वी त्याचं नाक आणि दोन्ही गाल जे लाल झाले, ती लाली उतरायचं नाव घेईना. डेपोतल्या मंडळींनी 'सिग्नल' असं नाव पाडलं, तेव्हा तोही हसला. मग प्रवाशांच्या तक्रारी आल्या, 'ड्रायव्हर प्यायलेला दिसतो'. एक नाही, दोन. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती ही अशी.

"तिसरी तक्रार आली की स्टिअरिंग सुटलं समज," साहेबांनी सांगून टाकलं. "मग बसायचं टायरच्या कोठारात."

तेव्हापासून सिग्नलचं हसू मावळलं. स्टिअरिंग म्हणजे त्याचा जीव की प्राण. टायरच्या कोठारात त्याला दोन दिवस काढता आले नसते.

"दाजी, काळजी सोडा. हा चेहरा माझ्यावर सोपवा," मेहुणा म्हणाला. मेहुण्याचं केस कापायचं दुकान होतं, आणि हातात कात्री आली की माणसाला कातडीतलंही सगळं कळतं, अशी त्याची ठाम समजूत होती. पहिला आठवडा त्याने दाजींचे गाल मीठ-लिंबाने घासले. दुसरा आठवडा कढत पाण्याची वाफ दिली. गाल आधी टोमॅटोसारखे होते, ते आता सोललेल्या टोमॅटोसारखे झाले.

"मुरलेलं दुखणं आहे," मेहुणा गंभीरपणे म्हणाला आणि त्याने ठेवणीतली निळी बाटली काढली. "दाढीनंतरचं लोशन. भरपूर चोपडा. झोंबलं म्हणजे लागू पडतंय असं समजायचं."

झोंबलं तर असं झोंबलं की सिग्नल घरभर नाचला. तरी बिचाऱ्याने धीर सोडला नाही. दुसऱ्या दिवशी डेपोच्या दारातच त्याने आणखी ओंजळभर लोशन तोंडाला फासलं आणि तसंच साहेबांपुढे जाऊन फुंकलं.

मशीन किंचाळलं. चार वर्षांत पहिल्यांदाच किंचाळलं. साहेब खुर्चीतून ताडकन उठले.

"सापडलास!"

"साहेब, लोशन आहे हो! गालाला लावलंय!"

"गालाला? लोक तोंडाने पितात, तू गालाने प्यायला लागलास?"

लोशनमधल्या अल्कोहोलचा वास जाईपर्यंत सिग्नलने खसाखसा तोंड धुतलं आणि पाव तासाने पुन्हा फुंकलं. शून्य. आता मात्र साहेब पेचात पडले. त्यांनी डोकं खाजवलं, किल्ली खणात टाकली आणि खण बंद केला.

"कातडीच्या डॉक्टरची चिठ्ठी आण. तोवर गाडी नाही."

डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून नाक पाहिलं, गाल पाहिले आणि विचारलं, "चेहऱ्याला काय काय लावलंत?"

सिग्नलने यादी सांगितली. मिठाशी त्यांच्या भुवया वर गेल्या. निळ्या बाटलीशी त्यांनी पेन खाली ठेवलं.

"अहो, हा गाल आहे की तांब्याचं भांडं? याला रोझेशिया म्हणतात. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या जरा काही झालं की फुलतात, आणि गाल लाल होतात. दारू न पिणाऱ्यांनाही होतो. मुळासकट जाईल असं नाही सांगत, पण ताब्यात राहतो. तुम्ही चेहऱ्याशी भांडताय. त्याला जरा मायेनं वागवा."

माया म्हणजे काय, तेही त्यांनी सांगितलं. कोमट पाणी, सौम्य साबण, पुसताना घासायचं नाही, नुसतं टिपायचं. वर साधं मलम, बाहेर पडताना उन्हापासून जपणारं क्रीम आणि रात्री त्यांनी लिहून दिलेलं औषध. "आणि एक वही घाला. चेहरा केव्हा लाल झाला, त्याआधी काय खाल्लं, काय प्यायलं, कुठे होता, सगळं लिहा. प्रत्येकाचं कारण निराळं असतं. ते तुमचं तुम्हीच शोधायचं."

चिठ्ठी दाखवल्यावर किल्ली परत मिळाली. वहीला सिग्नल दोन दिवसांत कंटाळला, पण बायकोला मात्र चेव आला. तिने वहीत रकाने आखले. 'चहा कढत: लाली वीस मिनिटं. चहा कोमट: लाली नाही, तोंड वाकडं. मिरची दोन: लाली, घाम. मिरची शून्य: लाली नाही, भांडण.' निळी बाटली तिने भावाला परत पाठवली. भाऊ आठ दिवस रुसला.

एका संध्याकाळी तिने नवऱ्याचा चेहरा दिव्याकडे वळवला.

"अहो, एक विचारू? खिडकीकडचाच गाल जास्त लाल कसा?"

"तुला काय माहीत कुठला खिडकीकडचा?"

"सोळा वर्षं झाली लग्नाला. दोन्ही गाल वेगवेगळे ओळखते मी."

आता तिला चैन कुठलं पडायला! दुसऱ्या दिवशी ती पहाटेच नवऱ्याबरोबर डेपोत गेली, साहेबांच्या खोलीच्या खिडकीशी उभी राहिली, मग तिकीट काढून बसमध्ये चढली आणि बरोबर अशा जागी बसली की आरशात नवऱ्याचा चेहरा दिसावा. ऊन कुठल्या वळणावर आत येतं, गाल केव्हा रंगतो, सगळं ती टिपून घेत होती. कोडं सुटत आलं की स्वतःशीच हसत होती. सिग्नल अधूनमधून आरशात बघायचा, बायको टक लावून बसलेली दिसायची, आणि सोळा वर्षांचा संसार झालेला हा गडी लाजून लाल व्हायचा. असं तीन दिवस चाललं.

चौथ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. त्यांच्या हातात कागद होता.

"ऐक. 'ड्रायव्हर आरशातून मागच्या बाईकडे बघतो. ती त्याच्याकडे बघून हसते आणि वहीत काहीतरी लिहिते. ड्रायव्हर लाल होतो. हे रोज चालतं.'" साहेबांनी कागद टेबलावर ठेवला. "तिसरी तक्रार."

 सिग्नलला डोळ्यांसमोर टायरच टायर दिसायला लागले.

"साहेब, ती बायको आहे हो!"

"बायको आहे ते दिसतंच आहे. कुणाची?"

"माझीच!"

"स्वतःच्या बायकोकडे बघून कोण लाल होतं रे?" साहेबांनी विचारलं, आणि त्यांचा प्रश्न अगदी मनापासूनचा होता.

बायकोला बोलावून घेतलं. ती आली ती वही घेऊनच. तिने वही साहेबांपुढे उघडून ठेवली. साहेबांनी चष्मा चढवला आणि बोट फिरवत वाचायला सुरुवात केली.

"'सहा पन्नास, घरून निघताना, गाल ठीक. सात पाच, साहेबांपुढे पहिली फुंक, गुलाबी. सात सहा, दुसरी फुंक, लाल. सात सात, तिसरी फुंक, जांभळट.'" ते थांबले. त्यांनी पान उलटलं. तिन्ही दिवस तेच. "म्हणजे हे मी करतोय?"

"नाही साहेब, पहिला नंबर उन्हाचा," बायको म्हणाली. "तुमचा दुसरा. चहा तिसरा."

आपला दुसरा नंबर ऐकून साहेब थोडे हिरमुसले. पण माणूस न्यायाचा होता. त्यांनी तक्रारीच्या कागदावर लिहिलं, 'सदर बाई ड्रायव्हरची पत्नी आहे. तपास बंद.' मग ड्रायव्हरच्या खिडकीला पडदा बसवायला सांगितला, आणि त्या दिवसापासून सिग्नलच्याही वाट्याला एकच फुंक आली. बाहेर पडल्यावर सिग्नलला रडू यायचं बाकी होतं. "स्टिअरिंग वाचवलंस बाई," एवढंच तो म्हणाला.

दोन महिने त्याने व्रत घेतल्यासारखे काढले. चहा कोमट, जेवण अळणी नाही पण तिखटही नाही, रोज चालणं, वेळेवर झोप, गाल टिपायचे, घासायचे नाहीत. आणि हळूहळू, विश्वास बसणार नाही, पण लाली ओसरली. एके सकाळी आरशात त्याला चार वर्षांपूर्वीचा जुना ओळखीचा माणूस दिसला. शीळ घालतच तो डेपोत गेला.

साहेबांनी मशीन पुढे केलं. मग हात तसाच थांबवून ते बघत राहिले.

"काय रे, बरं नाही का?"

"ठणठणीत आहे साहेब."

"मग तोंड असं का उतरलंय? पांढराफटक पडलायस. रक्तबिक्त कमी झालंय का?"

"साहेब, हाच माझा खरा रंग!"

"मला शिकवतोस? चार वर्षं रोज सकाळी तुझं तोंड बघतोय मी." साहेबांच्या आवाजात खरीखुरी काळजी होती. किल्ली त्यांनी खणात टाकली. "आजारी ड्रायव्हरच्या हाती गाडी देता येत नाही. डॉक्टरची चिठ्ठी आण."

"आता कसली चिठ्ठी?"

"बरा असल्याची."

सिग्नलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "साहेब! दोन महिने कोमट चहा पितोय मी! कोमट! मिरचीकडे बघितलं नाही! लहान पोरासारखं टिपून टिपून तोंड पुसतोय, ते कशासाठी? चिठ्ठीसाठी?" बोलता बोलता त्याचे कान पेटले, मग गाल, आणि शेवटी नाक.

साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी खण उघडला, किल्ली काढली आणि त्याच्या हातावर ठेवली.

"हां! आता कसा नेहमीसारखा दिसतोस! घाबरवलंस की रे मला. जा, पळ, उशीर होतोय."

सिग्नल बसमध्ये जाऊन बसला. दोन मोठे श्वास घेतले, आरसा वळवून पाहिलं आणि खिशातली वही काढली. 'सात दहा. लाल. कारण: साहेब. उपाय:' एवढं लिहून तो थोडा वेळ विचार करत राहिला. मग त्याने लिहिलं, 'साहेबांची निवृत्ती. अजून चार वर्षं.'

संध्याकाळी बायकोने वही तपासली आणि 'चार' खोडून 'साडेतीन' केलं. ती डेपोत चौकशी करून आली होती.