सर्व्हर जेवला का?

केळसकरांनी मला फसवलं. यंत्र म्हणून सांगितलं आणि माणूस दिला.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल बरं बोलणार आहे आणि ते वाचून कोणाचा गैरसमज व्हायला नको. फसवणूक ती फसवणूक. आणि फसवलं कोणाला, तर मला! कल्याणच्या बाजारात मी शिरले की भाजीचे व्यापारी एकमेकांना सांगतात, "काटा नीट लाव रे, वैजूताई आल्या." डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्र काढलं तेव्हा माझ्याकडे एक लाटणं होतं, तेही शेजारणीचं. आज गाळा स्वतःचा आहे, हाताखाली बायका आहेत, आणि आमच्या पोळीला पदर सुटत नाहीत असं म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. अशा बाईला, चष्म्याला सुतळी बांधून फिरणाऱ्या माणसाने फसवावं, हे मला अजून पचलेलं नाही.

केळसकर आमच्या समोरच्या झेरॉक्सच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर बसतात. बाहेर पाटी आहे : 'परवडणारी ॲप्स. नुसत्या चौकशीलाही चहा.' आत एक टेबल आणि टेबलावर फुटक्या काचांचे जुने फोन, वाळवणासारखे मांडलेले. नव्या फोनला ते हात लावत नाहीत.

"बाई, तुमचं गिऱ्हाईक पोळ्या मागवणार ते पोराने टाकून दिलेल्या फोनवरून. ॲप त्यावर पळालं पाहिजे. मोहरी तडतडायच्या आत उघडलं तर ते ॲप. नाहीतर ती शोभेची वस्तू."

आधी ते एमआयडीसीतल्या एका कंपनीत पगाराचा संगणक सांभाळायचे. कंपनी बंद पडली, संगणक भंगारात गेला, केळसकर राहिले. मग वयाच्या मानाने फारच उशिरा ते ॲप बनवायला शिकले आणि तेही बड्या लोकांसाठी नाही. शिलाईवाली, इस्त्रीवाला, दिवा गावचा टँकरवाला. टँकरवाल्याच्या ॲपमध्ये फक्त एक बादली आहे. बादली रिकामी दिसली तर पडून राहा, भरलेली दिसली तर हंडे घेऊन पळा. टँकरवाला म्हणाला, "साहेब, अजून काहीतरी टाका ना त्यात." केळसकर म्हणाले, "बादलीत पाणी सोडून अजून काय टाकणार?" आज दिव्यातल्या त्या चाळींमध्ये लोक सकाळी देवाच्या आधी त्या बादलीचं दर्शन घेतात.

कोणी ॲप काढून टाकलं की हा माणूस सुतक पाळतो. त्या दिवशी बिनसाखरेचा चहा. मी एकदा विचारलं, "काय झालं हो, तोंड का उतरलंय?"

"एक घर सोडून गेलं."

"कोण?"

"इस्त्रीवाल्याकडचं. न सांगता गेलं. भांडून गेलं असतं तरी चाललं असतं."

घरी कोण कोण असतं, असं विचारलं की म्हणतात, "मी आणि राउटर." आणि लोक हसले की आपणही हसतात, पण थोडे उशिरा.

तर अशा माणसाकडे मी ॲपसाठी गेले. माझी गिऱ्हाइकं तेव्हा एकेक करून मोठ्या कंपन्यांच्या ॲपकडे वळत होती. घरबसल्या पिझ्झा येत असताना गवारीच्या भाजीसाठी जिना कोण उतरणार? मला माझी माणसं परत हवी होती. केळसकरांनी आकडा सांगितला. तो मी कुठपर्यंत खाली आणला ते लिहीत नाही, त्यांना वाईट वाटेल. मग म्हटलं, "आणि गिऱ्हाइकांना आपोआप मेसेज गेले पाहिजेत. त्या मोठ्या कंपन्यांचे जातात तसे."

"ते वेगळे पडतात, बाई. त्याला मागे यंत्रणा लागते."

"भाजी घेतल्यावर कोथिंबीर वेगळी पडते का?"

त्यांनी छताकडे बघत सुतळी ओढली. मग म्हणाले, "बरं. कोथिंबीर टाकतो."

"आपोआप?"

"अगदी आपोआप. सर्व्हर करेल."

इथे फसवणूक झाली. तारीख-वार नाही, पण जागा मला पक्की आठवते. समोर चहा होता आणि तो मीच संपवला होता.

ॲप सुरू झालं. दुपारी जेवणाच्या सुमाराला मेसेज जायचा : 'जेवलात का?' बस, एवढंच. ना सवलत, ना फटाके. खाली 'हो' आणि 'नाही' अशी दोन बटणं आणि काही लिहायचं असेल तर एक रिकामी चौकट. मी चिडले. "अहो, धंदा आहे की हळदीकुंकू? 'त्वरा करा' वगैरे लिहा की!"

केळसकर म्हणाले, "गिऱ्हाईक म्हणजे पाहुणा, बाई. पाहुण्याला हाक मारायची असते. कडी लावून कोंडायचं नसतं."

आणि गिऱ्हाइकं आली हो! नुसती आली नाहीत, टिकली. 'नाही' दाबलं की सर्व्हर लिहायचा, 'आज मेथी आहे, दोन पोळ्या तरी घ्या.' कोणी लिहिलं की तोंड आलंय, तर 'मग तिखट नको, मुगाचं वरण सांगतो.' मला वाटायचं, काय यंत्र आहे! मी नातेवाइकांत मिरवायचे. साताऱ्याहून भाऊ आला तेव्हा त्याला खाली उभं करून वरची खिडकी दाखवली. "तिथे आमचा सर्व्हर असतो." त्याने लांबूनच हात जोडले.

एकच खोड होती. सर्व्हर मधूनच बंद व्हायचा. दुपारची गर्दी ओसरली की 'मेंटेनन्स'. केळसकरांना पडसं झालं की 'लोड आहे'. एकदा तर भर जेवणाच्या वेळी गप्प झाला तो पार चहाच्या वेळेपर्यंत. लोकांचे फोन मला. "ताई, आज विचारलं नाही ते? बरं आहे ना सगळं?" मी जिना चढून गेले आणि केळसकरांना फाडफाड बोलले. ते मान खाली घालून म्हणाले, "एक प्रश्न आला, बाई. तो सर्व्हरला झेपला नाही."

मग एके दिवशी ठाण्याहून एका कंपनीचा पोरगेलासा साहेब आला. घोडबंदरकडे काचेच्या इमारतीत त्यांचं ऑफिस. इस्त्रीचा शर्ट, बोलणं अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी, उरलं तर मराठी.

"मॅडम, तुमचा युजर ॲपमध्ये टाइम किती स्पेंड करतो?"

"पोळ्या सांगेपर्यंत."

"वही तो! तो वाढवायला लागेल."

"कशाला? पोळी गार होते."

तो हसला. मग त्याने चक्र दाखवलं. चक्र फिरवा, बक्षीस मिळवा. रोज ॲप उघडलं की एक तारा, आणि एक दिवस चुकला की सगळे तारे शून्य. "युजरला हुक लागतो, मॅडम."

"माझं गिऱ्हाईक उपवास करतं," मी म्हटलं. "संकष्टीला त्याचे तारे काढून घेणार तुम्ही? पाप कोणाच्या डोक्यावर?"

त्याने विषय बदलला. माझ्या फोनवर काहीतरी बघत बसला आणि एकदम गंभीर झाला. "मॅडम, पण तुमचे मेसेज तर सगळे वाचतात. वर रिप्लाय पण देतात. हे आमच्याकडे पण होत नाही. टूल कुठलं वापरता?"

माझी छाती अशी फुगली की काउंटर पुढे सरकला असेल. "आमच्या केळसकरांचा सर्व्हर आहे."

"कुठे आहे सर्व्हर?"

"झेरॉक्सच्या वर."

जाताना तो म्हणाला की मेसेजचं काम त्यांना दिलं तर ते नावापुरत्या पैशात करतील. यंत्र त्यांचं, डोकेदुखी त्यांची, आणि मेंटेनन्स अजिबात नाही. मी विचारात पडले. खोटं कशाला सांगू, केळसकरांशी जुनं काही नातं नव्हतं. त्याचा आकडा घेऊन वर जायचं आणि केळसकरांना अजून खाली ओढायचं, नाहीच आले तर काम ठाण्याला द्यायचं, हे मी ठरवून टाकलं.

तेवढ्यात हिराबाई आल्या. शीळफाट्याकडच्या गावातल्या आगरी बाई. शेताच्या जागी टॉवर उभे राहिले आणि त्यातल्याच एकात त्या एकट्या राहतात. रिक्षा बाहेर थांबवून, भाकऱ्यांची चौकशी करायच्या निमित्ताने दोन शब्द बोलून जातात.

"वैजू, तुजा मशीन लय गुनाचा हाय गो," त्या म्हणाल्या. "मना इचारतं, 'जेवलीस का गो आये?' मी बोलली, 'नाय, एकटीसाठी चूल पेटवाचा कंटाला येतं.' तं बोलतं, 'भाकर तुजे घरा धारतो, लसनाची चटनी पन धारतो, गरम हाय तवर खा.' माजा सखा पोरगा नाय इचारीत असा."

मी म्हटलं, "काय म्हणालं यंत्र? 'आये'?"

"आये."

मी तशीच उठले आणि रस्ता ओलांडला. डोंबिवलीतल्या यंत्राला आगरी येत नाही. हे कळायला मला ठाण्याच्या साहेबाची गरज नव्हती.

भर दुपार. वर केळसकर सगळे फुटके फोन समोर ठेवून दोन बोटांनी टायपत होते. एकावर लिहायचे, दुसरा उचलायचे, मध्येच हसायचे, मध्येच 'च् च्' करायचे. मी दारात उभी आहे हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

"हे काय चाललंय?"

ते दचकून उभे राहिले. चष्मा सुतळीवर लोंबकळला. मग टेबलाकडे हात करून म्हणाले, "सर्व्हर."

माझा आवाज चढला तो खाली झेरॉक्सवाल्याने मशीन बंद करेपर्यंत. मी यंत्र मागितलं होतं. करार यंत्राचा. मला मापात पाप चालत नाही. कमी दिलेलं चालत नाही तसं जास्त दिलेलंही चालत नाही. परवडत नव्हतं तर तोंड उघडायचं, नाही म्हणायचं. आणि खोटं कशाला बोलायचं? 'मी स्वतः विचारतो' असं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

"सगळं बिघडलं असतं," केळसकर म्हणाले. "माणसाने विचारलं की लोक 'हो, जेवलो' म्हणतात, बाई. पोटात काही नसलं तरी म्हणतात. यंत्राला कशाला खोटं सांगतील? यंत्राला लिहितात, एकट्याला करावंसं वाटत नाही. लिहितात, मुलीचा फोन आला नाही म्हणून घास उतरत नाही. माणूस आहे कळलं तर उद्यापासून सगळे जेवलेले असतील."

माझी नजर टेबलाच्या कोपऱ्यात गेली. बशीत बेकरीतलं अर्धं बटर आणि साय धरलेला चहा.

"आणि तुम्ही? तुम्ही कधी जेवता?"

"मेंटेनन्सला." ते हसले. "असतं काहीतरी."

"तुम्हाला कोणी विचारत नाही?"

"सर्व्हरला कोण विचारणार? त्याला काय भूक असते?" मग सुतळी बोटाला गुंडाळत म्हणाले, "एकदा विचारलेलं. हिराबाईंनी. मी विचारलं, जेवलीस का. तर उलट लिहिलं, 'मी जेवली. तू जेवलास का रे पोरा?'"

"मग काय उत्तर दिलंत?"

"काय देणार? सर्व्हर बंद केला."

ती दुपार मला आठवली. मी याच जिन्यावरून त्या माणसाला बोलून गेले होते.

ठाण्याच्या साहेबाला मी 'नाही' म्हणून कळवलं. त्याचं यंत्र चांगलं असेल, पण प्रश्न न झेपून बंद पडणारं नाही आणि मला आता तसलंच लागतं. रोज दुपारी आमच्याकडून एक डबा रस्ता ओलांडून वर जातो. पहिल्या दिवशी केळसकर खिडकीतून ओरडले, "बाई, हे करारात नव्हतं!" मी खालून ओरडले, "कोथिंबीर समजा!" चार माणसं थांबून बघत होती. बघू देत. डोंबिवलीत माझ्यासारखं ॲप कोणाकडे आहे ते दाखवावं.

पण मी माफ केलेलं नाही, आणि माझी तक्रार आता एकट्या केळसकरांवर नाही.

तुम्हा गिऱ्हाइकांवर आहे. आपल्याकडे 'जेवलात का?' हा अर्धाच प्रश्न असतो. 'हो, तुम्ही?' म्हटल्याशिवाय तो पुरा होत नाही. दारात आलेल्या पोस्टमनलाही आपण तसंच सोडत नव्हतो. एक माणूस इतके दिवस तुम्हाला रोज विचारतोय, तुमचं तोंड आलेलं लक्षात ठेवतोय, आणि तुम्ही अंगठ्याने 'हो' दाबून फोन उशाला ठेवता? यंत्र वाटलं म्हणता? हिराबाईंनाही यंत्रच वाटलं होतं. त्यांनी विचारलं ना?

केंद्राचं नाव मी लिहिलेलं नाही. केळसकरांचं खरं नावही हे नव्हे. म्हणजे तुमच्या फोनवर विचारणारं ते यंत्र की माणूस, हे तुम्हाला कळायचं नाही, आणि कळून घेऊही नका. चौकट रिकामी आहे. ती इतके दिवस रिकामी का ठेवली, याचा जाब मला द्या. उद्या दुपारी द्या. आणि मला नको, त्यालाच द्या.