क्षेत्रीय अधिकारी गुरुवारी येत आहेत

बेलापूरच्या कल्याणला एक खोड होती. कुठलंही काम तो सुरू करायच्या आधीच फत्ते करून मोकळा व्हायचा. तोंडानं!

“बघच तू,” तो बायकोला म्हणाला, “देवळालीतल्या सात दुकानमालकांना सात मशिनी विकतो का न्हाई. आन् तेबी ह्या खुर्चीवरनं न उठता!”

“आधी ही एक तर विका,” पंकजा म्हणाली.

ही एक म्हणजे पॅकिंगची मशीन. वरनं शेव टाका, मसाला टाका, खालनं सील मारलेलं पाकीट बाहेर! कल्याणनं एजन्सी घेतली तेव्हा कंपनीनं ती गिऱ्हाइकाला दाखवायला दिली होती. दाखवायला म्हणून आली आणि पाच महिने पुढच्या खोलीतच राहिली. तिच्यापायी दिवाण पडवीत गेला. पाहुणा आला की आधी मशीनला वळसा घालायचा, मग रामराम म्हणायचा. आणि आता कंपनीचा निरोप आला होता, एकतीस तारखेच्या आत एक तरी मशीन खपवा, नाहीतर एजन्सी बंद. ह्या एजन्सीसाठी पठ्ठ्यानं साखर कारखान्यातली वजनकाट्यावरची चांगली नोकरी सोडली होती!

“मशीन घरातनं जाऊ द्या, पन विकून जाऊ द्या,” पंकजा म्हणाली. “परत गेली तर माझा भाऊ वर्षभर दात काढंल. मी सांगते ते ऐका. दुकानात जावा, चहा प्या, चार शब्द बोला.”

“चहा पिऊन धंदा करायचे दिवस गेले! आता मेल करायचा, मेल!”

त्याचं असं झालं होतं, की मालक लोकांना मेल कसा लिहावा यावर कल्याणनं मोबाईलवर अकरा व्हिडिओ पाहिले होते. त्यातला टायवाला सांगायचा, विषय असा लिहा की मालकानं उघडलाच पाहिजे. त्याच्या धंद्याचा अभ्यास केलाय हे दाखवा. त्याच्या चुकीवर बोट ठेवा. भेटीची वेळ पक्की सांगा. आणि पहिल्याच मेलला आपला माल काढू नका, मालक बिचकतो!

कल्याणनं सगळं तंतोतंत पाळलं. देवळाली प्रवरात जाऊन सात दुकानांतनं एकेक पाकीट विकत आणलं. सातही पाकिटं मेणबत्तीच्या जाळावर चिकटवलेली. एक तर पिशवीतच सुटलं आणि घरी येईपर्यंत निम्मा चिवडा गाडीच्या डिकीत! लेबलवर मेलचा पत्ता होताच. मग त्यानं मेल लिहिला.

“विषय: अंतिम सूचना. मालक, गेले दोन महिने तुमच्या मालावर माझे बारीक लक्ष आहे. तुमची पाकिटे मी तपासली आहेत. पॅकिंगमध्ये गंभीर चुका आहेत, आणि त्या तुम्हालाही माहीत आहेत. याबाबत गुरुवारी सकाळी अकरा वाजता मी समक्ष येत आहे. कल्याण, क्षेत्रीय अधिकारी, अन्न पॅकिंग विभाग.”

खालचा हुद्दा त्याच्या कार्डावरचाच होता. कंपनी सगळ्याच एजंटांना क्षेत्रीय अधिकारी म्हणायची. विभाग म्हणाल तर कंपनीला दुसराही एक होता, सिमेंटच्या गोण्यांचा. फोन नंबर मात्र त्यानं स्वतःच्या अकलेनं गाळला. लगेच नंबर दिला की आपला भाव उतरतो म्हणे!

पंकजानं वाचून पाहिलं. “अहो, ह्यात मशीन कुठंय?”

“तीच तर गंमत हाय!” कल्याण म्हणाला, आणि सातही मेल धाडून दिले.

आता देवळालीतली गंमत ऐका. त्या सात मालकांपैकी एकानंही आपला मेल जन्मात पाहिलेला नव्हता! अन्नाचं लायसन काढायचं होतं तेव्हा ऑनलाईन सेंटरवाल्या रेश्मानं प्रत्येकाला एकेक पत्ता उघडून दिला होता. सातही पासवर्ड तिच्या वहीत, सातही मेल तिच्या एकाच कॉम्प्युटरवर. मेल आला की तिनं कागद काढायचा आणि दुकानात नेऊन द्यायचा, अशी पद्धत. आणि आजवर मेल यायचा तो फक्त लायसनचा. त्यामुळं मेल म्हणजे सरकार, हे देवळालीत पक्कं होतं.

सोमवारी सकाळी रेश्मानं पहिला मेल वाचला. दुसरा वाचला, तोच मजकूर. सातवा वाचेपर्यंत तिच्या चपला पायात होत्या.

“बिभीषणशेठ, धाड येनार!”

फरसाणवाल्या बिभीषणशेठच्या हातातला झारा कढईत पडला. “दोन महिने लक्ष हाय? आगं, परवा एक जन शेवचं पाकीट उजेडाला धरून बघत हुता. लई बारीक बघत हुता. तोच तो!”

“माज्याकडनं मसाला नेला त्यानं,” शेजारची मसालेवाली साळूबाई म्हणाली. “सुट्टे न्हाईत म्हनून गोळ्या दिल्या, तर गपगुमान नेल्या. साहेब आसून!”

“मी उत्तर टाकू का, साहेब कुठल्या हाफिसचे म्हनून?” रेश्मानं विचारलं.

“खुळी हायेस का! सरकारला कुनी उलटं इचारतं व्हय?”

इकडं कल्याण दर दहा मिनिटांनी मेल उघडून बघत होता. एक उत्तर नाही! पण टायवाल्यानं सांगितलं होतं, मालक गप्प आहे म्हणजे मालक विचार करतोय. कल्याणला वाटलं, सात मालक एकदम विचार करतायत. त्याला कोण आनंद झाला!

गुरुवारी पांढरा शर्ट घालून, बगलेत माहितीपत्रकांची फाईल मारून साहेब देवळालीत उतरले. बघतो तर काय! सगळी गल्ली धुतलेली. प्रत्येक दुकानदाराच्या डोक्याला टोपी, हाताला मोजे. रेश्माच्या सेंटरात खुर्चीवर नवा टॉवेल अंथरलेला. कल्याण टेकतो न टेकतो तोच अंगावर शाल पडली, हातात नारळ आला!

कल्याणला भरून आलं. पाच महिन्यांत त्याला कोणी धड बस म्हटलं नव्हतं. पंकजाला हे दिसायला पाहिजे होतं, असं त्याला फार फार वाटलं.

“साहेब, चुका झाल्या आमच्या,” बिभीषणशेठनी हात जोडले.

“होतात, शेठ, सगळ्यांच्या होतात. म्हणून तर मी आलो.”

“त्याचंच भ्या वाटतंय. पन आता आमी सुधारलो. मेणबत्ती बंद! बघा तुमीच.”

सहा मालकांनी टेबलावर सहा पाकिटं ठेवली. कल्याणनं एक उचललं. सील कसं, दोरीनं आखल्यासारखं सरळ! त्यानं ते उलटंपालटं करून पाहिलं.

“हे कशावर केलं?”

“मशीनवर! तुमचा मेल सोमवारी आला, मंगळवारी आमी राहुरी गाठली. तिथल्या मशीनवाल्या मच्छिंद्रकडनं सहा जनांनी सहा मशिनी उचलल्या!”

“अहो, पण मशीन विकायला तर मी आलोय!”

मग रेश्मानं हळूच विचारलं, “म्हंजे तुमी सरकारी न्हाई?”

“मी बेलापूरचा.”

बिभीषणशेठ पुढं आले. त्यांनी शाल काढून घेतली, नीट घडी घातली. मग नारळही घेतला. “तीन दिस धंदा सोडून भिंती घासल्या मी! माज्या लग्नातबी घासल्या नव्हत्या!”

बाकीचेही एकदम सुरू झाले. कल्याण फाईल छातीशी धरून “चुकलो, चुकलो” म्हणत राहिला, आणि डोळ्यांपुढं त्याला दात काढणारा मेव्हणा दिसत राहिला. तेवढ्यात कोपऱ्यातनं साळूबाई खो खो हसायला लागली.

“थांबा रं! मच्छिंद्रकडं सहाच हुत्या. मी मागं राहिले म्हनून दोन दिस घोर लागलाय मला. का रं बाबा, तुज्याकडं हाय का एखादी?”

“हाय की! घरात, पुढच्या खोलीत!”

“मग दुकानात येऊन सांगायचं सोडून कागद कशाला धाडला? बसून घोटभर चहा पिला आसतास तर सातही तुज्याच घेतल्या आसत्या आमी.”

हे वाक्य कल्याणनं आधी कुठं ऐकलं होतं ते त्याला बरोब्बर आठवलं. तो मुकाट्यानं चहा प्याला.

अठ्ठावीस तारखेला टेम्पो आला आणि मशीन साळूबाईकडं गेली. एजन्सी वाचली! पंकजानं दिवाण पुढच्या खोलीत आणला आणि त्यावर ऐसपैस बसून विचारलं, “मग, मेलचीच करामत म्हनायची?”

“म्हनजे काय!” कल्याणनं छाती फुगवली. “एका मेलनं सात मशिनी खपल्या. कुनी घेतल्या, कुठनं घेतल्या, हे बारकं हाय!”

तेवढ्यात फोन वाजला. राहुरीचा मच्छिंद्र होता.

“कल्यानराव, लई उपकार झाले बघा! एकच इचारायचं हुतं. पुढचा मेल कुठल्या गावाला टाकनार? न्हाई, म्हंजे तेवढा माल आधीच भरून ठेवतो.”