सदतीस चेहऱ्यांचे निचिते काका

निचिते काका माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, चपलांकडे बघतात. सकाळी पावणेआठला गोडाऊनच्या दारात माणसं आपल्या चपला काढून कंपनीचे बूट घालतात, तेव्हा काका हजेरीचं रजिस्टर मांडीवर घेऊन स्टुलावर बसलेले असतात. नजर जमिनीवर. "ह्याचा आज घरात वाजलाय," ते पुटपुटतात. "हिला झोप नाय." समोरच्याला काही कळत नाही. तो अंगठा लावतो आणि आत जातो.

पहिल्या दिवशी मला वाटलं, म्हाताऱ्याला चपला चोरीला जायची भीती आहे.

हे गोडाऊन शहापूरच्या पुढे, नाशिक हायवेला लागून आहे. साबण, शाम्पू, पावडर खोक्यांत भरून मुंबईला पाठवायचं काम. माणसं डोळखांबकडच्या पाड्यांवरून येतात, काही मुरबाडहून. काका हजेरी घेतात आणि आणखी एक काम करतात. आत फोन न्यायला बंदी असल्यामुळे सगळ्यांचे फोन दारातल्या खणाखणांच्या लाकडी पेटीत ठेवायचे, आणि त्या पेटीची किल्ली काकांच्या कमरेला.

मी तिथे कशी पोचले ते सांगते. कंपनीच्या ठाण्याच्या ऑफिसला वाटलं की कामगारांचं मन कसं आहे हे कळायला हवं, म्हणून त्यांनी एक अॅप बनवायला घेतलं. तांत्रिक बाजू तिथली पोरं बघणार होती. प्रश्न मराठीत लिहायचे आणि माणसांत बसून ते तपासायचे, हे काम मला मिळालं, कारण मी शहापूरची. माझे वडील चळवळीची पत्रकं छापायचे. मी अक्षर ओळखायला शिकले ते त्या पत्रकांवर, त्यामुळे माझ्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह यायला बघतं. कामावर येण्याआधी मी एकच अट घातली होती. अॅपमध्ये कुणाचंही नाव दिसणार नाही. किती माणसं खूश, किती नाराज, एवढाच आकडा दिसेल. ऑफिसने मान्य केलं, आणि मला वाटलं मी लढाई जिंकले.

काकांना मी पहिला प्रश्न वाचून दाखवला. "आज आपला भावनिक समतोल कसा आहे?"

"तराजू कुठं ठेवलाय?" काकांनी विचारलं.

मी प्रश्न बदलला. मग त्यांना उत्तराचे पाच चेहरे दाखवले, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत.

"सगळ्यांना कावीळ झालीय," काका म्हणाले. "पिवळी तोंडं बघून मानूस घाबरंल. लिहून घे."

"लिहून घे" हे त्यांचं पालुपद. ऊन वाढलं, लिहून घे. चहात साखर कमी, लिहून घे. मी खरंच लिहून घ्यायचे. चेहऱ्यांचा रंग बदलला. डोळे मिटून दोन मिनिटं श्वास घ्यायचा एक व्हिडिओ होता, त्यात एक बाई समुद्राच्या पाण्यात पाय सोडून बसली होती. काकांनी तो पूर्ण बघितला. "हिला कसला टेन्शन? आनि आमच्या लायनीवर दोन मिनिटा डोळं मिटला, तर सुपरवायझर 'झोपला' म्हनून आमचा नाव लिवतो." व्हिडिओ गेला.

अॅप सुरू झालं. पंधरा दिवसांत काकांच्या गोडाऊनमधून अशी उत्तरं आली की ठाण्याची पोरं चक्रावली. बाकीच्या गोडाऊनांत सगळे कायम हसरे. इथे मात्र रोज पाचही चेहरे. मी हरखले. मग ठाण्याहून एका पोराचा फोन आला. "मॅडम, तुमचे सगळे लोक सकाळी दहा ते सव्वादहात उत्तर देतात. ओळीने. एकानंतर एक."

दहा ते सव्वादहा माणसं लाइनवर असतात. आणि फोन पेटीत.

मी दुसऱ्या दिवशी बरोबर दहाला गेले. काकांनी पेटी उघडली होती. चष्मा नाकावर. एक फोन काढायचा, कुलपाची नक्षी बोटाने काढायची, चेहरा दाबायचा, फोन परत खणात. सदतीस जणांची नक्षी त्यांना पाठ होती.

"काका! हे काय?"

"भरतोय. त्यांनीच सांगितलाय. रेशनचा फारम मी भरतो, बँकेचा मी भरतो, पोरांच्या शाळेचा मी भरतो. म्हनले, काका, ह्यो पन भरा."

"अहो, पण हे मन आहे! दुसऱ्याच्या मनाचं तुम्ही कसं ठरवणार? हा हक्क आहे माणसाचा!"

"असंल. पन त्यांना टाइम नाय." त्यांनी पुढचा फोन काढला. "गीता. आज रडका."

मी ठरवलं, काकांना जागेवर खोटं पाडायचं. जेवणाच्या सुट्टीत गीताला गाठलं. ती पाड्यावरून येणारी, तिशीतली, खोक्यांना पट्टी मारण्यात सगळ्यांत चपळ. रिकाम्या क्रेटवर बसून भाकरी खात होती.

"गीता, आज कसं वाटतंय?"

"बरा हाय."

मी विजयी मुद्रेने काकांकडे बघितलं. ते ताकात बोट बुडवून मिठाचा अंदाज घेत होते.

"काकांनी काय भरलाय?" गीताने विचारलं.

"रडका चेहरा."

तिने हातातला तुकडा परत डब्यात ठेवला. "मग तसाच असंल," ती म्हणाली. नंतर सांगितलं. आश्रमशाळेने मुलीला तापात घरी पाठवलं होतं. तिला म्हाताऱ्या आईजवळ टाकून ही कामावर आली होती. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

"तुम्हाला कसं कळलं?" मी काकांना विचारलं.

"रोज चपला भिंतीला टाच लावून ठेवते. आज एक उलटी पडलेली. सरळ करायलासुदिक थांबली नाय."

त्या दिवसापासून मीही चपला बघायला लागले. मला फक्त चपला दिसायच्या.

महिन्याभराने ठाण्याहून साहेब आले. इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. आकडा त्यांनी बघितला होता, आणि तो कोण भरतो हेही त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. "निचिते, अकरा लोक नाराज आहेत. अॅपमध्ये नावं नाहीत, पण तुम्हाला माहीत आहेत. मला यादी द्या."

"कशाला?"

"मदत करता येईल."

"कसली मदत?"

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं. "पुढच्या महिन्यात कॉन्ट्रॅक्ट नवीन होणार. ज्यांना इथे जड जातंय, त्यांना मोकळं करता येईल."

"मला नाय आठवत," काका म्हणाले. सदतीस कुलपांच्या नक्ष्या पाठ असलेला माणूस.

"सोमवारपर्यंत आठवा. नाहीतर किल्ली देऊन तुम्हीही मोकळे व्हा."

मी घरी जाऊन पत्रक लिहिलं. दोन पानी. "श्रमिकांच्या अश्रूंचा बाजार मांडणाऱ्यांनो" अशी सुरुवात. चार वेळा धिक्कार. खाली सह्यांसाठी जागा. शनिवारी काकांना दिलं. त्यांनी चष्मा पुसून सावकाश वाचलं आणि तीन धिक्कार खोडले.

"एक पुरं. झ्याक लिवलाय. पन खाली ह्या सह्या म्हनजे काय गो? नावाच ना? यादीच झाली ही. तूच दिलीस साहेबाला."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी पत्रक घडी करून पिशवीत टाकलं. "मग काय करायचं?"

"रविवार हाय मधी," ते म्हणाले. त्या रविवारी ते कुठल्या पाड्यावर गेले, कुणाशी बोलले, हे मी नंतर पुष्कळ जणांना विचारलं. कुणी सांगितलं नाही. गीता तर म्हणाली, "आमी भात झोडत व्हतो. काका? कोन काका?"

सोमवारी साहेब साडेनऊलाच आले. दहाला काकांनी पेटी उघडली आणि आत हाक दिली, "आज आपापला भरा रे! माझ्या डोळ्यांना पानी येतंय." माणसं ओळीने आली, फोन घेतला, एकदा दाबला, परत ठेवला. पाच मिनिटांत काम झालं. साहेब मोबाइलवर आकडा बघत होते.

सदतीस. सगळे रडके.

"हे काय? सगळेच?"

"यादी पायजे व्हती ना," काकांनी हजेरीचं रजिस्टर उघडून त्यांच्यासमोर धरलं. "ही घ्या. सगळी नावा हायत. लिहून घ्या."

लाइनवर कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांनी रजिस्टर हातात घेतलंच नाही. बाहेर सणाच्या मालाचे ट्रक उभे होते, आणि सदतीस माणसं मोकळी करून ते कुणी भरले असते? दुपारी ते ठाण्याला परत गेले. यादीचं पुन्हा कुणी विचारलं नाही, किल्ली काकांच्याच कमरेला राहिली.

मी संध्याकाळी मुद्दाम थांबले. माणसं फोन घेऊन गेली होती, पेटीचे खण रिकामे. मला काकांना काहीतरी मोठं सांगायचं होतं, एकजुटीबद्दल वगैरे. बोलण्याआधी सहज मोबाइलवर जुने आकडे चाळले. सदतीस, सदतीस, सदतीस. पहिल्या दिवसापासून. हजेरीला मात्र अडतीस नावं होती.

"काका, तुमचं उत्तर एकदाही नाही."

"नसंल."

"का?"

"ऱ्हाऊन गेला." त्यांनी खिशातून आपला फोन काढून माझ्यापुढे धरला. "तू भर. रोज बसतेस ना समोर."

मी फोन घेतला. पाच चेहरे. बोट पहिल्यावर नेलं, तिसऱ्यावर नेलं. दोन महिने मी या माणसाच्या शेजारी बसले होते. त्याच्याबद्दल मी वहीभर लिहून घेतलं होतं. तो सापगावात कुणाबरोबर राहतो, संध्याकाळी चूल कोण पेटवतं, रविवारी पाडे पालथे घातले नसते तर तो काय करत बसला असता, यातलं एकही अक्षर त्या वहीत नव्हतं.

मी फोन पालथा ठेवला. "काका, घरी कोण कोण असतं?"

त्यांनी एकदा बाहेर बघितलं. त्यांची बस हायवेला येऊन थांबली होती, कंडक्टर दारातून हात करत होता. काकांनी त्याला जा म्हणून खूण केली.

"कोन नाय," ते म्हणाले. मग दुसरं स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं. "अजून विचार. मला घाई नाय."