होकाराचे प्रशिक्षण

आमच्या रायपूरच्या बारदाना मंडळात, म्हणजे धानासाठी पोती पुरवणाऱ्या कार्यालयात, वरिष्ठ लिपिक दयाराम खोब्रागडे यांनी गुरुवारच्या अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज केला. 'कारण' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'होकार देणे'.

कारण खरं होतं. त्यांच्या मोनालीला गोंदियाच्या यशदीपचं स्थळ आलं होतं. पोरापोरीने एकमेकांना पसंत करून महिना झाला होता. अडलं होतं ते यशदीपच्या वडिलांपाशी. बाबाराव रेल्वेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे. होकार मुलीच्या बापाने समोर बसून, स्वतःच्या तोंडाने द्यायचा, फोनवरचा चालणार नाही, असं त्यांनी कळवलं. गुरुवारी अकराला ते रायपूरला येणार होते. होकार मिळाला तर ठीक, नाहीतर दुपारच्या गाडीने बिलासपूरला, तिथे दुसरी मुलगी बघायची होती.

अर्ज परत आला. मंडळात 'परिवर्तन अनुकूलन व कार्यक्षमता संवर्धन अभियान' सुरू झालं होतं, आणि ज्याने बदल स्वीकारल्याचं प्रमाणपत्र घेतलं नाही त्याला रजा नव्हती. दयाराम घाबरले नाहीत. प्रशिक्षण सोमवारी, एकाच दिवसाचं होतं.

प्रशिक्षक विहंग सर पुण्याहून आले. निम्मा स्टाफ विदर्भातला आणि उरलेल्यांना मराठी कळते, असं त्यांना सांगितलेलं असल्याने ते सावकाश, स्वच्छ मराठीत बोलले. त्यांनी आम्हाला डोळे मिटून बदलाचं स्वागत करायला लावलं. तिघे त्यातच झोपले. शेवटी त्यांनी विचारलं, "सगळ्यांना समजलं?"

आम्ही बत्तीस जण एका आवाजात म्हणालो, "हव."

रायपुरात हव म्हणजे हो. ऐकलं यालाही हव, चालू द्या यालाही हव, आणि चहा कधी येणार यालाही जवळपास हवच. पुण्यात मात्र 'हवं' म्हणजे पाहिजे. विहंग सरांचे डोळे भरून आले. त्यांच्या सात वर्षांच्या कारकिर्दीत प्रशिक्षण संपल्यावर 'हवं' असं कुणीही म्हटलं नव्हतं. 'कर्मचाऱ्यांची आणखी प्रशिक्षणाची एकमुखी मागणी' असा अहवाल त्यांनी लगेच वर पाठवला. आम्हा बहुतेक विदर्भवाल्यांच्याही काही लक्षात आलं नाही, कारण आम्ही हवं असलेल्या वस्तूला 'पाहिजे' म्हणतो.

मंगळवारी प्रत्येकाला दुसऱ्याच्या खुर्चीवर बसवलं. खुर्ची बदलली की दृष्टी बदलते म्हणे. दृष्टीचं माहीत नाही, पण अभनपूरला निघालेला पोत्यांचा ट्रक जिथून भरला होता त्याच भनपुरीच्या गोदामात अर्ध्या तासात परत गेला आणि रजिस्टरला 'विक्रमी वेगाने पोच' अशी नोंद झाली. अभनपूरचा व्यापारी भांडायला आला. ग्राहकानेही बदलायला पाहिजे म्हणून त्यालाही आमच्यात बसवून घेतलं. संध्याकाळी सरांनी विचारलं, "आता पुरेसं झालं ना?" आम्ही म्हणालो, "हव." व्यापारी सगळ्यांत मोठ्याने म्हणाला. बुधवार 'मागणीवरून' मंजूर झाला आणि प्रमाणपत्रं पुढे गेली.

बुधवारी काउंटर बंदच ठेवला आणि बाहेर 'आत बदल सुरू आहे' अशी पाटी लावली. संध्याकाळी दयारामांचा धीर सुटला. ते सरांकडे गेले.

"सर, हव म्हंजे हो. आमी मांगून नाही राहिलो, हो म्हणून राहिलो. मले उद्या सुट्टी पाहिजे, पोरीचं काम हाय."

विहंग सरांनी अहवालाची प्रत काढून पुन्हा वाचली. म्हणजे आम्हाला सोमवारीच सगळं समजलं होतं आणि वर गेलेला अहवाल चुकीचा होता. अहवाल दुरुस्त करणं सोपं नसतं. माणसं दुरुस्त करण्याचा मात्र त्यांना अनुभव होता. त्यांनी रात्रीतून नवं सत्र तयार केलं, 'होकार व्यवस्थापन'. 'हव' हा संदिग्ध शब्द कार्यालयात बंद. त्याऐवजी म्हणायचं, "आपल्या प्रस्तावाची सकारात्मक नोंद घेण्यात आली असून यथावकाश कळविण्यात येईल." प्रश्न कानावर पडताच, विचार न करता, ओळीने पन्नास वेळा जो हे बिनचूक म्हणेल त्याला तिथल्या तिथे प्रमाणपत्र आणि रजा.

गुरुवारी सकाळी आठपासून दयाराम म्हणत होते. सत्ताविसाला एकदा चुकले, छत्तिसाला एकदा. साडेदहाला पन्नास पुरे झाले. मंडळातलं पहिलं प्रमाणपत्र त्यांना मिळालं, टाळ्या झाल्या, आणि मी त्यांना माझ्या स्कूटरवर घालून घरी नेलं.

बाबाराव आले होते. तर्रीपोहे संपवून त्यांनी रुमालाने तोंड पुसलं. दाराआड मोनाली उभी होती. बाबाराव म्हणाले, "मंग दयारामजी, पोट्टी देता ना आमच्या यशदीपले?"

दयारामांच्या ओठांवर ह आलेला मी स्वतः पाहिला. पुढच्या क्षणी त्यांची पाठ ताठ झाली आणि ते म्हणाले, "आपल्या प्रस्तावाची सकारात्मक नोंद घेण्यात आली असून यथावकाश कळविण्यात येईल."

दुसऱ्या कुणाला याचा अर्थ विचारावा लागला असता. बाबारावांनी रेल्वेत छत्तीस वर्षं काढली होती. यथावकाश म्हणजे काय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी खोब्रागडे वहिनींना नमस्कार केला, पिशवी उचलली आणि स्टेशनसाठी रिक्षा केली. दयाराम रस्त्यापर्यंत मागे धावले, पण बाबारावांनी वळून "आता काहून धावता?" असं विचारलं तेव्हा त्यांच्या तोंडून पुन्हा तेच वाक्य निघालं.

मोनाली बापावर चिडली नाही. याचंच मला वाईट वाटलं. ती एवढंच म्हणाली, "बाबा, आपको सिर्फ हव बोलना था."

यात माझा काही दोष नाही. हवचा घोळ मला पहिल्या दिवसापासून कळत होता, पण सगळे हव म्हणत होते म्हणून मीही म्हणालो. तुम्ही हसू नका. मागच्या महिन्यात तुमच्याही ऑफिसात असाच एक जण आला होता आणि शेवटी त्याने 'काही शंका?' असं विचारलं होतं. घड्याळाकडे बघत तुम्ही मान हलवलीत. पुढची तीन सत्रं त्या मानेवर मंजूर झाली आहेत.