लेपाआधीचं ऊन

रायगड जिल्ह्यात ऊन पडते, ही बाब यंदा फाल्गुनात लोकत्वचा संवर्धन कक्षाच्या निदर्शनास आली. त्याआधीही ते पडत असावे असा प्राथमिक अंदाज होता. परंतु तशी लेखी तक्रार कोणी केलेली नव्हती. बाब गंभीर असल्याने कक्षाने तातडीने 'नैसर्गिक त्वचारक्षण मोहीम' हाती घेतली आणि तिच्यासाठी पेण तालुक्यातली एक वाडी निवडली. वाडीचं नाव सांगत नाही. चांगली माणसं आहेत, उगाच त्यांच्यामागे आणखी एखादी मोहीम लागायची.

मोहीम गळ्यात पडली कक्षाच्या पेण कार्यालयातल्या सुशीलच्या. बायको वैशाली रोह्याला शिक्षिका, रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात भाड्याचं घर, घरात दीड वर्षाची मैना, आणि हा एकटा पेणला. पेण-रोहा अंतर तसं फार नाही. पण कक्षाच्या बैठका संध्याकाळी सातला सुरू व्हायच्या आणि चहा आल्याशिवाय संपायच्या नाहीत. पोरगी बापाला मोबाइलमध्ये राहणारा माणूस समजायची. मोबाइल बंद झाला की त्याच्या मागे कुठे गेला म्हणून बघायची. रोह्याला बदली, एवढं एकच सुशीलला हवं होतं. त्यापुढे त्याला काही सुचत नव्हतं.

"मोहीम यशस्वी करा, तुमच्या बदलीचं मी स्वतः बघते," कक्षाच्या जिल्हाप्रमुख सरोजिनी मॅडम म्हणाल्या. "काकडी आणि कोरफडीचा लेप. सगळं निसर्गातलं. फक्त उन्हात वावरणारी माणसं शोधायची आणि त्यांना फासायचा. आधीचा फोटो, नंतरचा फोटो. काय अवघड आहे?"

काहीच अवघड नव्हतं. दुसऱ्या दिवशी भर बारा वाजता लेपाच्या बादल्या घेऊन सुशील वाडीत पोचला. वाडीत चिटपाखरू नव्हतं. वाडीतले जाणते हैबतराव ओटीवर आडवे झाले होते, डोळ्यांवर टॉवेल.

"हैबतराव, माणसं कुठायत?"

"घरात हायत. अशा उन्हाचा बाहेर कोण पडतोय? तुम्ही सोडून."

"पण वालाची काढणी चालू आहे ना?"

"ती पहाटच्या दवात व्हते. ऊन चढलं का शेंग तडकते, दाणा मातीत जातो. नवाला आम्ही घरात. मग चारपर्यंत सावली सोडायची नाय. आमच्या बापानं पण सोडली नाय."

हैबतरावांच्या कृष्णाबाई ताकाचा पेला घेऊन बाहेर आल्या. "आधी ह्ये घ्या भाऊसाहेब. अगो बाय, तोंड बघा कसं रापलंय तुमचं!"

सुशीलने ताक पिऊन मॅडमना फोन लावला. "मॅडम, इथे उन्हात कोणी जातच नाही. सगळे सावलीत बसतात."

पलीकडे फाइल उघडल्याचा आवाज आला. "म्हणजे मोहीम पोचायच्या आधीच त्यांनी परस्पर संरक्षण करून घेतलं? कोणाच्या परवानगीने?"

"मॅडम, त्यांच्यात पूर्वीपासून तशी पद्धत आहे."

"सावली ही मंजूर पद्धत नाही, सुशील. सावलीवर खर्च दाखवता येत नाही. लाभार्थी शून्य म्हणजे काम शून्य, आणि काम शून्य तर बदली कशाच्या जोरावर करू मी? त्यांना उन्हात आणा. आधी माणूस काळवंडला पाहिजे, त्याशिवाय आपण त्याला वाचवणार कसं?"

मुद्दा बिनतोड होता. सुशील ओटीच्या पायरीवर बसला आणि त्याला रडूच यायला लागलं. त्याने लाजलज्जा गुंडाळून सगळं सांगून टाकलं: रोहा, वैशाली, मोबाइलमागे बाप शोधणारी मैना.

नवऱ्याच्या डोळ्यांवरचा टॉवेल ओढून कृष्णाबाई म्हणाल्या, "उठा! पोराचा संसार अडलाय आणि तुम्ही झोपा काढताव? चार दीस उन्हात हुभं ऱ्हायलं तर काय वितळणार हाव?"

"आगं पण कशापायी हुभं ऱ्हायचं?"

"उनापासून वाचायपायी! सांगतायत ना भाऊसाहेब!"

दुसऱ्या दिवसापासून अख्खी वाडी पहाटे वाल काढायची, नऊला घरी येऊन जेवायची आणि अकराला पुन्हा मोकळ्या रानात जाऊन उभी राहायची. सुशील बांधावरून ओरडायचा, "तोंड वर! सूर्याकडे!" हळूहळू माणसं रापू लागली, नाकांची सालं निघू लागली. मग सुशीलने 'आधीचे' फोटो काढले आणि लेप फासायला घेतला. कक्षाकडून शाबासकीचा निरोप आला. माणसाचा स्वभाव असा, की शाबासकी मिळाली की भाजणंसुद्धा गोड लागतं. वाडीत चुरस लागली. कोणाची मान जास्त काळी यावरून दोन सख्ख्या जावांचं बोलणं बंद झालं.

मग पलीकडच्या वाडीचा काळुराम माणसं घेऊन सुशीलला भेटायला आला. त्याचा आवाज चढलेला होता. "त्यांना ऊन, आणि आम्हाला नाय? आमच्या वाडीत आंब्यांची सावली जास्त, म्हणून आम्ही मागास ऱ्हायचं?" सुशीलने हात जोडले, मोहीम एकाच वाडीपुरती आहे म्हणून सांगितलं. काळुरामला ते पटलं नाही. आपली वाडी पात्र ठरावी म्हणून त्याने दोन आंब्यांच्या फांद्या छाटायला घेतल्या, आणि त्या कार्यक्रमाला नारळ फोडायला सुशीललाच बोलावलं. नाही म्हणायची सोय नव्हती.

शेवटी मॅडम पाहणीला आल्या. डोक्याला स्कार्फ, हातांत मोजे, डोळ्यांवर गॉगल. ऊन फार असल्याने त्यांनी गाडीतूनच पाहणी केली. लेप लावून धुतलेली वाडी त्यांच्या काचेसमोरून रांगेने गेली. मॅडमनी आधीचा फोटो बघितला, माणसं बघितली.

"सुशील, हे आधी काळे होते आणि आत्ताही काळेच आहेत. सुधारणा कुठे आहे?"

सुशीलच्या डोळ्यांसमोरून रोहा निघून चाललं होतं. तेवढ्यात हैबतराव गाडीच्या काचेशी वाकले. "बाईसाहेब, आम्हाला पंधरा दीस घरात बसू द्या. उजळतो का नाय बघा."

मॅडमनी विचार केला. "लेपोत्तर निवांत टप्पा," त्या सावकाश म्हणाल्या. "हे मूळ आराखड्यात नव्हतं. छान आहे. मंजूर."

अशा रीतीने वाडी जिथून उठली होती तिथेच, आपापल्या ओटीवर, परत जाऊन आडवी झाली. फरक एवढाच की आता ती मोहिमेखाली आडवी झाली होती. पंधरा दिवसांनी फोटो निघाले. सगळे पूर्ववत उजळलेले. मोहीम जिल्ह्यात पहिली आली, मॅडमचा सत्कार झाला, आणि दिल्या शब्दाला जागून त्यांनी सुशीलची बदली रोह्याला केली. सुशीलने वाडीत जाऊन पेढे वाटले. कृष्णाबाईंनी मैनेसाठी वाल दिले, आणि निघताना दोघांचेही डोळे भरून आले.

वरशातल्या घराचं दार वैशालीने उघडलं. दोन महिने बांधावर उभा राहून सुशील तव्यासारखा झाला होता. "हे काय करून घेतलंस रे?" असं ती हसत म्हणेपर्यंत मैनेने त्याचा शर्ट घट्ट धरला. हा माणूस मोबाइलमधून बाहेर कसा आला, हे बघायला तिने त्याच्या पाठीमागेही हात फिरवला. सुशील उंबऱ्यातच खाली बसला.

पण त्याला पाणी प्यायला फुरसत मिळाली नाही. ऊन-मोहिमेत जिल्ह्यात पहिला आलेला माणूस म्हणजे सुशीलच, हे एव्हाना वरशात सगळ्यांना कळलं होतं. शेजारच्या अंतरावहिनी, वरच्या मजल्यावरचे मोरोपंत, सगळे दारात हजर. "उन्हाचं काहीतरी नैसर्गिक सांगा."

मैनेला मांडीवर घेऊन सुशीलने पहिल्यांदाच खरं ते सांगितलं. "अकरा ते चार घरात बसा. जायचंच झालं तर पदर घ्या, टोपी घाला, छत्री न्या. बाकी काही लागत नाही."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. "अहो, हे तर आमची मोलकरीणसुद्धा सांगते," मोरोपंत म्हणाले. "तुम्ही साहेब आहात. आम्हाला लेपाचं सांगा."

आणि तुम्ही तरी काय वेगळे? इतका वेळ वाचत आलात ते काकडी किती घ्यायची हे कुठेतरी कळेल म्हणूनच ना? खोटं कशाला बोला! घ्या, सांगतो. एक काकडी किसून, कोरफडीचा गर तेवढाच, चांगला घोटून तोंडाला फासायचा. तो लावून कुठे बसायचं, हे तुम्ही विचारलं नाही, तेव्हा ते काही मी सांगत नाही.