हळदीकुंकवाची मोगरी

एका जंगलात लाकडावर नक्षी कोरायला शिकवणारी शाळा होती. शाळेत मास्तर दोन, विद्यार्थी चाळीस आणि मोगरी एक. मोगरी म्हणजे पटाशीच्या डोक्यावर ठोकायचा लाकडी हातोडा, मुलांनो. ही मोगरी सागाची होती, चौकोनी होती आणि मधोमध चिरलेली होती.

ठमी साळिंदरची शेवटची परीक्षा होती. दिवाळीपर्यंत दारावर मोर कोरायचा, नाहीतर शाळेतून नाव कमी.

ठमीनं बाभळीचा ओंडका आणला. ओढ्याच्या पाण्यावर फिरणाऱ्या लेथवर चढवला आणि कातून गोल मोगरी केली. डोकं जड, दांडा मुठीत बसेल असा.

अस्वलगुरुजींनी ती फिरवून फिरवून पाहिली. "हिचं तोंड कुठंय?"

"गोल आहे, गुरुजी. कुठूनही मारा."

"कुठूनही? मग शिस्त काय राहिली?"

गुरुजींनी पटाशी धरली होती ती फक्त फोटोत.

गवासरांनी मोगरी हुंगली. "बाकी बरी आहे. आमची नावं तेवढी कोर. ठळक."

"सर, पहिल्याच घावाला नावं उडतील."

"आमच्या नावांवर घाव घालणार तू?"

ठमीनं नावं कोरली. तिला मोर संपवायचा होता.

तेवढ्यात खंडेनवमी आली. हत्यारांची पूजा झाली. नव्या मोगरीला हळदीकुंकू लागलं, झेंडूची माळ पडली आणि ती उंच फळीवर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी ठमी उचलायला गेली, तर गुरुजी ओरडले, "पूजेतल्या वस्तूला हात लावतेस?"

"पूजा काल झाली की! जुनी मोगरी तर दुभंगली. आता मोर कशानं कोरू?"

"श्रद्धेनं," गवासर म्हणाले आणि डब्यातली जिलबी उचलली.

ठमीनं लेथवर दुसरी मोगरी कातली. साधी, बिननावाची. दिवाळीच्या आत मोर तयार झाला. इतका जिवंत, की खरा मोर येऊन त्याच्याशी भांडून गेला.

गुरुजींनी मोराकडे पाहिलंच नाही. "कोणत्या मोगरीनं कोरलास?"

"हिनं."

"ही मंजूर आहे?"

"मोर बघा ना, गुरुजी!"

"आधी मोगरी. जप्त. आणि तू नापास."

ठमीचं नाव कमी झालं. ती ओढा ओलांडून पलीकडे गेली. तिथं तिनं स्वतःचा लेथ मांडला.

पुढच्या खंडेनवमीला शाळेच्या फळीवर दोन मोगऱ्या होत्या. दुसरीवरही नावं आली होती. खाली चाळीस विद्यार्थी दगडानं पटाशी ठोकत होते. अर्ध्यांची बोटं सुजली होती.

गवासर हळहळले, "हल्लीच्या पोरांच्या हातात कसब म्हणून उरलं नाही."

तात्पर्य : मुलांनो, थोरामोठ्यांचा मान नेहमी उंच फळीवर ठेवावा. इतक्या उंच, की तिथून त्यांचा हात आपल्या मोगरीपर्यंत पोचणार नाही.